मूषकाला पाट नव्हे, पाश!

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला श्रीगजानन घरोघर येतात आणि त्यांच्या पायांशी, पुढच्या दोन पंजांत मोदक धरून, तो चिमुकला मूषकही येतो. मूर्तीची स्थापना झाली की घरातील गृहिणी त्याच्यापुढेही दूर्वेची एक काडी आणि साखरेचे दोन दाणे ठेवते. लहान मुले त्याला ‘उंदीरमामा’ म्हणून हाक मारतात. काही देवळांत तर आपले मनोगत देवापर्यंत पोहोचावे म्हणून मूषकाच्या कानात सांगण्याची प्रथा आहे. हे सारे मी लहानपणापासून पाहात आलो आहे आणि दरवर्षी ते मला गोडच वाटत आले आहे.

परंतु त्याच दिवसांत, त्याच घरात, मातीचा नसलेला दुसरा एक मूषक वावरत असतो. तो माळ्यावरून कोठीच्या खोलीत उतरतो, गव्हाचे पोते कोरतो, देवघरातील फुलवात तुपासकट पळवतो आणि रात्री मखराच्या कागदांमागे खुडबुड करतो. पहिल्याला नमस्कार करायचा हे ठरलेले आहे. दुसऱ्याचे काय करायचे? गणेशोत्सवातील कीर्तनासाठी ज्या ज्या गावी जातो, तेथे कोणी ना कोणी हा प्रश्न मला विचारतेच. ‘बुवा, देवाचं वाहन ते. पिंजरा लावला तर दोष लागेल का?’ या प्रश्नाला हसून बगल देता येते, आणि मी ती अनेक वर्षे दिलीही. आज मात्र त्याचे उत्तर स्पष्ट शब्दांत द्यावयाचे आहे. कारण एकदा मी दिलेले उत्तर चुकीचे होते आणि त्याची झळ एका घराला पोहोचली.

प्रथम तो माझा अपराधच सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावी उत्तररंगात मी क्रौंच गंधर्वाचे आख्यान लावले होते. श्रोते रंगले होते, साथही उत्तम होती. त्या भरात मी बोलून गेलो, ‘माउलींनो, या दहा दिवसांत तरी घरातल्या उंदराला धक्का लावू नका. देव पाहुणा, तर त्याचे वाहनही पाहुणेच!’ टाळ्या पडल्या, मलाही बरे वाटले. पुढच्या वर्षी त्याच गावी गेलो, तेव्हा कीर्तन संपल्यावर बुक्का लावून घ्यायला एक वृद्ध बाई पुढे आल्या. डोळे भरून त्या म्हणाल्या, ‘बुवा, तुमचा शब्द मी पाळला. पण सूनबाईला तो पटला नव्हता. मी मखरापुढे मोदक ठेवत होते आणि ती मखरामागे गोळ्या ठेवत होती.’

त्या गोळ्या कणकेच्या होत्या आणि त्यांत उंदराचे औषध कालवलेले होते. घरातील चार वर्षांच्या नातवाने त्यांतील एक प्रसाद समजून तोंडात घातली. आईच्या वेळीच लक्षात आले. मुलाचे तोंड स्वच्छ करून ती तशीच तालुक्याच्या रुग्णालयात धावली. पाच रात्री त्या घराने देव पाण्यात ठेवून काढल्या. मूल वाचले, ही श्रीगजाननाची कृपा. पण त्या सासू-सुनांमध्ये जो दुरावा पडला तो वर्षानंतरही भरून आलेला नव्हता. दोघीही सत्शील, दोघीही भाविक. एकीने देवाचे भय धरले, दुसरीने घराची काळजी वाहिली. त्या दोघींमध्ये जे वाक्य आडवे आले होते ते माझे होते. त्या रात्री मला झोप आली नाही. पहाटे उठून मी गणेशपुराणातील तीच कथा पुन्हा उघडली. आणि ती कथा मी सांगितली होती तशी नाहीच, हे माझ्या ध्यानात आले.

कथा अशी आहे. इंद्रसभेत घाईने चालताना क्रौंच गंधर्वाचा पाय वामदेव ऋषींना लागला. ऋषींनी शाप दिला आणि तो मूषक होऊन पराशर ऋषींच्या आश्रमात येऊन पडला. तेथे त्याने धान्य फस्त केले, वल्कले कुरतडली, ग्रंथांचा फडशा पाडला. ऋषी हतबल झाले. त्याच आश्रमात पराशरांच्या पुत्रासारखा बाल गजानन वाढत होता. आता या बालकाने काय केले? ‘असू दे बिचारा’ असे म्हणून त्याने उंदराला नैवेद्य दाखविला नाही. त्याने हातातील पाश सोडला, पाताळापर्यंत त्या उंदराचा माग काढला, त्याला बांधून वर आणले आणि तो शरण आल्यावरच त्याला आपले वाहन केले. वर बसताच त्या भाराने मूषक गांगरला आणि ‘भार हलका करा’ म्हणून विनवू लागला, असेही पुराण सांगते.

वाचकहो, या कथेतील क्रम पाहा. अगोदर पाश, मग शरणागती, आणि शेवटी वाहनपद. श्रीगजाननाने आपल्या पालक पित्याच्या घरातील उंदराचा बंदोबस्त केला, ही त्या कथेची गाभ्याची घटना आहे. आम्ही कीर्तनकार मात्र शेवटचे वाहनपद तेवढे रंगवून सांगतो आणि पाश गाळतो. जो मूषक आपण पूजतो तो बांधला गेलेला, स्वाधीन झालेला मूषक आहे. कोठीत मोकाट फिरणारा उंदीर अजून शापातलाच क्रौंच आहे. त्याला पाट मांडणे ही भक्ती नव्हे. ते पुराण अर्धवट ऐकल्याचे फळ आहे.

आपली भाषाही हेच सांगते. मूषक हा शब्द ‘मुष्’ म्हणजे चोरणे या धातूपासून आला. आखु म्हणजे खणणारा. अमरकोशात उंदुरु, मूषक आणि आखु ही नावे एकत्र दिली आहेत. त्यांतील उंदुरु हाच आपल्या मराठीतील उंदीर. चोरणारा आणि खणणारा, असे ज्याचे नावच आहे, त्याला आपल्या पूर्वजांनी घरातील सभासद मानले असेल, हे संभवत नाही. राज्यावर येणाऱ्या सहा ईतींमध्ये अतिवृष्टी, अनावृष्टी, टोळधाड यांच्या पंक्तीला त्यांनी उंदरांना बसविले आहे.

वाहन आहे म्हणून घरात मोकळीक द्यावी, हा तर्क थोडा पुढे नेला तर काय होईल? महादेवाच्या गळ्यात नाग आहे आणि नागपंचमीला आपण त्याची मनोभावे पूजा करतो. म्हणून तो स्वयंपाकघरात निघाला तर कोणी दुधाची वाटी पुढे करून शेजारी बसत नाही. जगदंबा सिंहावर आरूढ आहे. तो सिंह अंगणात यावा, असे तिचा कोणता भक्त म्हणेल? कैलासावर नाग, मोर, मूषक, नंदी आणि सिंह एकत्र नांदतात असे आपण सांगतो, ते प्रत्येकजण आपापल्या स्थानी आहे म्हणूनच. स्थान सुटले की कैलासातही शांती राहणार नाही.

या बाबतीत आपल्या प्राचीनांची दृष्टी किती समतोल होती याचा उत्कृष्ट दाखला कौटिलीय अर्थशास्त्रात आहे. चौथ्या अधिकरणात अग्नी, महापूर, रोगराई, दुर्भिक्ष अशी आठ दैवी संकटे मोजली आहेत आणि त्यांत उंदीर आहेत. त्यावर उपाय म्हणून मांजरे आणि मुंगसे मोकळी सोडावीत, आणि त्यांना जो पकडील किंवा मारील त्याला १२ पण दंड करावा, असे सांगितले आहे. निवडुंगाच्या जातीच्या स्नुही वनस्पतीचा चीक लावलेले धान्य पसरावे, हाही उपाय तेथे आहे. आणि गंमत अशी की त्याच प्रकरणात, पर्वकाळी मूषकांची पूजा करावी, असेही आहे! पूजा आणि बंदोबस्त ही दोन्ही एकाच पानावर आली आहेत. त्या काळच्या माणसाला त्यांत विसंगती वाटली नाही. भाव देवघरात आणि सावधपणा कोठारात, असा सरळ हिशेब होता. तो आपण विसरलो.

सावधपणा विसरण्याचे मोल माणसाने फार वेळा मोजले आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मूषकविषावर स्वतंत्र अध्याय असून त्यात १८ प्रकारचे मूषक वर्णिले आहेत. आज डॉक्टर ज्याला लेप्टोस्पायरोसिस म्हणतात तो ताप उंदरासारख्या प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून होतो, आणि पावसाळ्यात त्याचा जोर असतो. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात गाठीचा ताप आला. घरात उंदीर मरून पडला की गाव सोडून माळावर झोपड्या घालावयाच्या, हे त्या काळच्या खेड्यापाड्यांतून लोक शिकले होते. १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत संशोधन करून, उंदरावरची पिसू हा रोग माणसाकडे आणते, हे दाखवून दिले. पण ‘उंदीर पडला’ या दोन शब्दांचे भय सामान्य माणसाला त्यापूर्वीच कळले होते.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणेल. तर ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट आठवावी. गणेशविसर्जनाची रात्र सरत असताना किल्लारीचा भूकंप झाला. मराठवाड्यात अनेकांनी भीतीने राहती घरे सोडली; साठवलेले धान्य आतच राहिले. पुढच्या वर्षी, १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. ओस घरांतील उघड्या धान्यावर उंदीर वाढले, हे त्याचे एक कारण जाणकारांनी सांगितले. तेथील लोकांचा यात काय दोष? संकटच तसे होते. पण राहत्या, नांदत्या घरात आपण होऊन धान्य उघडे टाकणे आणि त्याला भूतदया म्हणणे, हे मात्र दोषास्पदच आहे.

‘मग हिंसेचे काय?’ हा पुढचा प्रश्न. तो रास्त आहे आणि त्याला उडवून लावता कामा नये. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने सांगितली आहेत: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. संसार म्हटला की नकळत जीव दुखावले जातात, हे शास्त्राने लपविलेले नाही. त्याचा भार कमी व्हावा म्हणून पंचमहायज्ञ सांगितले. त्यांतील भूतयज्ञात प्राणिमात्रांसाठी अन्न काढून ठेवावयाचे असते, परंतु ते मोजके आणि आपण होऊन दिलेले. कोठीचे दार उघडे टाकून ‘खा रे बाबांनो’ म्हणणे याला भूतयज्ञ म्हणत नाहीत. घरातील धान्य हे लेकराबाळांचे, अतिथीचे आणि देवाच्या नैवेद्याचे आहे. त्याचे रक्षण हा गृहस्थाचा धर्मच आहे. अट एवढीच की ते रक्षण कमीत कमी पीडा देऊन व्हावे.

कमीत कमी पीडेचा मार्ग कोणता, हे पंचतंत्रातील हिरण्यक उंदराने स्वतःच सांगून ठेवले आहे. ताम्रचूड नावाचा संन्यासी उरलेली भिक्षा पात्रात घालून उंच खुंटीला टांगीत असे आणि हिरण्यक रोज उडी मारून ती खात असे. संन्यासी रात्रभर फाटक्या वेळूने पात्र बडवीत बसे, तरी उंदीर हटेना. शेवटी एका पाहुण्याने ओळखले की या उंदराची उडी त्याच्या बिळाखालच्या साठ्याच्या बळावर आहे. बीळ खणून साठा काढून घेतला आणि हिरण्यकाची उडी संपली. कीर्तनात आम्ही यावर धनाच्या उबेचे निरूपण करतो. गृहिणीने त्यातून सरळ व्यवहार उचलावा. रात्रभर काठी आपटू नये. साठा बंद करावा, म्हणजे उडी आपोआप संपते.

तेव्हा पहिला उपाय म्हणजे झाकण. धान्य, पीठ, गूळ, खोबरे पत्र्याच्या घट्ट डब्यांत असावे. प्लॅस्टिकची पिशवी आणि गोणपाट उंदराच्या दातांपुढे टिकत नाहीत. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, म्हणून कुरतडणे हा त्याचा स्वभाव आहे. नैवेद्याचे ताट आणि पंचखाद्य रात्री मखरात राहू देऊ नये. शेजारतीनंतर ते झाकून ठेवावे. निर्माल्य रोजच्या रोज काढावे. समई-निरांजनातील तुपात भिजलेली वात उंदीर ओढून नेतो आणि ती पेटती असेल तर आग लागते, म्हणून झोपण्यापूर्वी नंदादीपाभोवती काचेचे आवरण असावे.

दुसरा उपाय म्हणजे भोक बुजविणे. घरउंदराला पेन्सिलीएवढे छिद्रही आत यायला पुरते. मोरीच्या नळाला जाळी, दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी आणि भिंतीतील बिळात तारेची घासणी कोंबून वर सिमेंट, एवढे केले तरी निम्मे काम होते. आमच्या जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंतींत वाडवडील काचेचा चुरा घालून बिळे लिंपीत, त्याचे कारण हेच.

तिसरा उपाय पिंजरा. आणि माझ्या मते श्रीगजाननाच्या हातातील पाशाला सर्वांत जवळचे असे हे साधन आहे. उंदीर भिंतीच्या कडेने चालतो, म्हणून पिंजरा खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीला लागून ठेवावा. खोबऱ्याचा तुकडा किंवा तळलेली भजी लावावी. सकाळी उठताच तो पाहावा. सापडलेला जीव दिवसभर उन्हात तडफडत ठेवणे हे पाप आहे. पिंजऱ्यासकट बादलीत बुडविण्याची रीत क्रूर आहे, ती सोडावी. चिकट गोंदाचे पुठ्ठे तर घरात आणूच नयेत. जिवंत प्राणी तासन्‌तास कातडे सोलून घेत मरतो, आणि ते दृश्य मुलांच्या डोळ्यांपुढे घडते. मारणे अटळच झाले तर एका क्षणात प्राण घेणारा चापाचा सापळा त्याहून कितीतरी दयेचा आहे. आणि पकडलेला उंदीर पलीकडच्या आळीत सोडून ‘आम्ही अहिंसा पाळली’ असे म्हणणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, की ती अहिंसा शेजाऱ्याच्या कणगीवर पोसलेली असते. सोडायचाच तर वस्तीपासून आणि पिकापासून दूर सोडावा.

चौथा उपाय कौटिल्याचाच, म्हणजे मांजर. त्यात भर घालायची तर घुबडाची. गव्हाणी घुबड हे उंदरांवरच जगते. अशुभ म्हणून त्याला हाकलणाऱ्यांनी शेतकऱ्याचा मित्र हाकलला असे समजावे.

विषाविषयी मात्र माझे मत कठोर आहे. ज्या घरात लहान मूल आहे त्या घरात उंदराचे औषध नसावे. कणकेच्या, मोदकाच्या, भजीच्या रूपात तर ते कदापि असू नये. ज्या आकारात आपण मुलाला प्रेम देतो त्या आकारात विष ठेवणे ही घोर चूक आहे. पिवळ्या फॉस्फरसच्या मलमाने यकृत निकामी होते आणि त्यावर उतारा नाही. विष खाऊन मेलेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर काही विषे त्यांनाही मारतात; आणि उंदीर भिंतीत मरून पडला तर ऐन उत्सवात घरभर दुर्गंधी सुटते. चुकून कोणाच्या पोटात ते गेलेच तर घरगुती उपायांत वेळ न दवडता, औषधाचे वेष्टन बरोबर घेऊन, तत्काळ रुग्णालय गाठावे. उंदराच्या लेंड्याही कोरड्या झाडूने झाडू नयेत; जंतुनाशकाच्या पाण्याने भिजवून मग पुसाव्यात.

राहिला प्रश्न त्या दहा दिवसांचा. त्याचे उत्तर फार सोपे आहे. पावसाने शेतातील बिळे पाण्याने भरतात आणि उंदीर घराकडे वळतात, ते श्रावणातच. घराची झाडलोट, रंगसफेदी, मखराची तयारी आपण गणपतीपूर्वी करतोच. त्याच वेळी बिळे बुजवावीत, डबे घट्ट करावेत, पिंजरे लावावेत. मग चतुर्थीला पाहुणा येईल तेव्हा घर स्वच्छ असेल आणि धर्मसंकट उरणारच नाही. त्यातूनही एखादा उंदीर उत्सवात निघालाच, तर पिंजरा लावण्यात कोणताही दोष नाही, असे मी निःशंकपणे सांगतो. आणि सासू-सुनांनी, पिता-पुत्रांनी हे एकमेकांना सांगून, एकमताने करावे. पुढून मोदक आणि मागून गोळी, असे कोणत्याही घरात होऊ नये.

कीर्तनकाराच्या मुखातून निघालेला शब्द श्रोते घरी घेऊन जातात. मी टाकलेला तो एक शब्द परत घेण्यासाठी अलीकडे प्रत्येक गणेशोत्सवात मी क्रौंचाचे आख्यान मुद्दाम लावतो आणि पाशाचा प्रसंग सावकाश सांगतो. आज तोच शब्द या पानावरूनही परत घेत आहे. ज्या घरी मखरापुढे बसलेला एखादा चार वर्षांचा बालक प्रसादासाठी हात पुढे करीत असेल, त्या घरी हा लेख वाचून दाखविला जावा, एवढीच विनंती. श्रीगजानन आपणा सर्वांना विवेक देवोत, आणि त्यांच्या पायांशी बसलेला मूषक तेथेच, त्यांच्या पायांशीच राहो.